घशाची गाठ, उंदीर आणि औषध: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात घशाच्या कॅन्सरवरची औषधे 'पीडीएक्स' उंदरांवर तपासतात, असा ओझरता उल्लेख होता. पीडीएक्स म्हणजे रुग्णाच्या गाठीचा जिवंत तुकडा, प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या कातडीखाली रुजवून वाढवलेला. त्यावर पत्रे आली, काही रुग्णांच्या घरून आणि बरीच प्रयोगशाळांतून. दोघांचे प्रश्न वेगळे असले तरी मुळाशी एकच गोष्ट आहे: हा उंदीर नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो?

प्रश्न (बार्शी): वडिलांना स्वरयंत्राचा कॅन्सर आहे, तिसरा टप्पा. ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. ओळखीतल्या एकाने सांगितले की गाठीचा तुकडा उंदरात वाढवून त्यावर औषधे तपासून देतात, म्हणजे लागू पडणारे औषध आधीच कळते. खर्च फार आहे. जमीन गहाण टाकावी का?

नका टाकू. आम्ही हे ठामपणे सांगतो, आणि त्याचे कारण कॅलेंडर आहे.

आज तुकडा लावला तर गाठ हाताला लागायला साधारण दोन ते चार महिने जातात. एका उंदरातल्या गाठीवर चार औषधे तपासता येत नाहीत. म्हणून ती काढून, कापून, आणखी पंधरा-वीस उंदरांत लावावी लागते. त्याला एक-दोन महिने. मग औषध देऊन मोजमाप घ्यायला चार ते सहा आठवडे. म्हणजे सगळे नीट जमले तरी चार ते साडेसात महिने, आणि घशाच्या बऱ्याच गाठी मुळात रुजतच नाहीत. दुसरीकडे, ऑपरेशननंतर रेडिएशन लागणार असेल तर ते सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागते आणि पुढच्या सहा-साडेसहा आठवड्यांत संपते. उंदराचे उत्तर येईल तेव्हा वडिलांचे मुख्य उपचार होऊन गेलेले असतील.

शिवाय या टप्प्यावर 'कोणते औषध' हा प्रश्न बराचसा सुटलेला आहे, आणि तो माणसांवरच्या चाचण्यांनी सोडवला आहे. रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे जगभरचे प्रमाण औषध. ते कसे द्यावे यावर मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ३०० रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये छापले गेले. दर तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर घेणाऱ्यांपैकी ७३.१ टक्के रुग्णांत दोन वर्षांनी आजार गळ्याच्या जागी ताब्यात होता. दर आठवड्याला ३० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत हे प्रमाण ५८.५ टक्के होते. असा फरक उंदरात दिसला नसता.

पैसा आणि शक्ती इथे लावा: शेक (रेडिएशन) सुरू होण्याआधी दातांची तपासणी आणि खराब दात काढणे (नंतर काढले तर जबड्याचे हाड नीट भरून न येण्याचा धोका असतो), गिळता येईना झाल्यास नाकातून किंवा पोटातून अन्नासाठी नळी घालायची तयारी, तंबाखू-मशेरी-बिडी पूर्ण बंद, आणि शेकाचा एकही दिवस न चुकवणे. गावाहून रोज ये-जा जमणार नसेल तर रुग्णालयाजवळ राहायची सोय ऑपरेशनच्या आधीच बघून ठेवा. मधेच दिवस बुडाले की गाठीच्या पेशी पुन्हा वाढतात, आणि घशाच्या कॅन्सरमध्ये हे विशेष जाणवते.

संशोधनासाठी कुणी गाठीचा तुकडा मागितला, तर ती वेगळी बाब आहे. त्याला पैसे द्यायचे नसतात, आणि त्यातून तुमच्या वडिलांसाठी औषध ठरेल असे आश्वासनही कुणी देऊ नये.

प्रश्न (कोल्हापूर, जीवशास्त्राचे शिक्षक): कॅन्सरच्या पेशी काचेच्या बशीत वर्षानुवर्षे वाढवतात. मग उंदरांचा खटाटोप कशासाठी?

कारण बशीत वाढणारी पेशी बशीला सरावते. घशाच्या कॅन्सरवरच्या संशोधनात सर्वांत जास्त वापरलेल्या पेशींपैकी एक 'फाडू'. ती १९६८ साली ५६ वर्षांच्या एका भारतीय पुरुषाच्या घशाच्या खालच्या भागातल्या गाठीच्या तुकड्यापासून तयार झाली. अर्धशतकाहून अधिक काळ प्लॅस्टिकवर, भरपूर साखर आणि वासराच्या रक्तद्रवात वाढताना जे जगले तेच उरले. त्या पेशी उंदरात टोचल्या तर गाठ होते, पण ती एकसुरी असते. माणसाच्या गाठीतला तंतूंचा सांगाडा, रक्तवाहिन्या, केराटिनचे (कातडी-नखांतल्या कठीण प्रथिनाचे) मोती, शेजारी शेजारी असलेल्या वेगवेगळ्या स्वभावाच्या पेशी, हे तिच्यात नसते.

दुसरी अडचण ओळखीची. 'हेप-२' नावाची पेशी १९५० च्या दशकात स्वरयंत्राच्या कॅन्सरची म्हणून प्रसिद्ध झाली. पुढे कळले की ती गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या 'हेला' पेशींनी बाटलेली आहे, म्हणजे प्रत्यक्षात हेलाच आहे. दरम्यान स्वरयंत्राच्या नावाने बरेच काम तिच्यावर होऊन गेले होते. पाटीवर लिहिलेले नाव डीएनएने पडताळल्याशिवाय खरे मानायचे नाही, हा या क्षेत्रातला पहिला नियम.

तुकडाच्या तुकडा उंदरात लावायची सुरुवात १९६९ मध्ये कोपनहेगनला झाली. रायगार्ड आणि पोवल्सन यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा तुकडा केस नसलेल्या 'न्यूड' उंदरात रुजवला. या उंदराला थायमस ग्रंथी नसते, म्हणून टी-पेशी (परक्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) नसतात, म्हणून परकी गाठ तो फेकून देत नाही. पुढे १९८३ मध्ये स्किड उंदीर सापडला, त्यात टी आणि बी दोन्ही पेशी नाहीत. २००० नंतर जपानमध्ये एनओजी आणि अमेरिकेत एनएसजी या जाती तयार झाल्या, त्यांत एनके पेशीही (परक्या पेशींना थेट मारणाऱ्या) नाहीत. प्रतिकार जितका कमी, तितकी गाठ रुजायची शक्यता जास्त. पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते, ते खाली रेडिएशनच्या उत्तरात येईलच.

प्रश्न (पुणे, संशोधन विद्यार्थिनी): आम्ही घशाच्या चौदा गाठी एनएसजी उंदरांत लावल्या. तीनच रुजल्या. पाचांत पू झाला. काय चुकते आहे?

चौदात तीन हे वाईट असले तरी जगावेगळे नाही. डोके-मान भागाच्या गाठींचे रुजण्याचे प्रमाण वेगवेगळ्या गटांनी एक-पंचमांशापासून दोन-तृतीयांशापर्यंत आणि त्याहूनही वर नोंदवले आहे. मात्र पाचांत पू होणे टाळता येते. त्यामुळे तिथूनच सुरुवात करू.

घसा निर्जंतुक नसतो. आतड्याची किंवा स्तनाची गाठ लावणाऱ्यांकडून पद्धत जशीच्या तशी उचलली तर घशात ती फसते. ऑपरेशन थिएटरमध्ये तुकडा ज्या द्रवात टाकता त्यात पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनखेरीज जेंटामायसिन ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली आणि बुरशीसाठी ॲम्फोटेरिसिन-बी २.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली असू द्या. ॲम्फोटेरिसिन याहून फार वाढवू नका, ते माणसाच्या पेशींनाही मारते. प्रयोगशाळेत आल्यावर थंड पीबीएसमध्ये (पेशींना सोसणाऱ्या खारट द्रावणात) निदान चार वेळा धुवा, दर वेळी नवी नळी, आणि पहिल्या दोन धुण्यांत प्रतिजैविके दुप्पट. गाठीचा घशाच्या पोकळीकडचा, व्रण पडलेला पृष्ठभाग आधी कापून फेका. जंतू तिथेच असतात, आणि तो भाग बहुधा मेलेलाही असतो.

आता रुजण्याबद्दल. पहिला प्रश्न, तुकडा कोण निवडतो? पॅथॉलॉजिस्टने निवडला पाहिजे. सर्जनने घाईत काढून दिलेला तुकडा पुष्कळदा कडेचा असतो, कॉटरीने (रक्त थांबवणाऱ्या तापत्या उपकरणाने) भाजलेला. अगदी मधला भागही नको, तो सडलेला असतो. कड आणि मध्य यांच्या दरम्यान पांढरट, घट्ट, किंचित दाणेदार ऊतक मिळते, ते घ्या. याने निदानासाठीची कड बिघडणार नाही याची खात्रीही पॅथॉलॉजिस्टच देऊ शकतो. त्या तुकड्याला चिकटून असलेली एक चकती फॉर्मेलिनमध्ये टाका आणि तिच्यात जिवंत कॅन्सर किती आहे ते बघा. अनेक 'न रुजलेल्या' गाठींच्या चकत्यांत नुसती सूज आणि तंतू निघतात. म्हणजे कॅन्सर लावलेलाच नव्हता.

दुसरे, वेळ. रक्तपुरवठा तुटल्यापासून उंदरात जाईपर्यंत एक-दोन तासांचे लक्ष्य ठेवा, आणि तेवढा वेळ तुकडा बर्फावर पण द्रवात बुडालेला हवा. कोरड्या गॉझमध्ये गुंडाळून आलेला तुकडा परत पाठवा.

मग कापणी. पेट्री डिश बर्फावर ठेवून दोन नव्या पात्यांनी, एक स्थिर आणि एक ओढत, २ ते ३ मिलिमीटरचे चौकोनी तुकडे करा. कात्रीने चेंगरून केलेले तुकडे कडेने मरतात. ३ मिलिमीटरहून मोठा तुकडा आतून उपाशी मरतो, कारण नव्या रक्तवाहिन्या आत शिरेपर्यंत त्याला फक्त बाजूने झिरपणाऱ्या ऑक्सिजनवर जगायचे असते. प्रत्येक तुकडा मॅट्रिजेलमध्ये (पेशींना आधार देणाऱ्या प्रथिनांच्या जेलमध्ये) बुडवून लावा. मॅट्रिजेल रात्रभर ४ अंशांवर बर्फात विरघळवायचे, पिपेटच्या टोकांसकट सगळे थंड ठेवायचे. बाहेर टेबलावर ठेवले की पाच मिनिटांत त्याची जेली होते आणि मग ते तुकड्यात मुरत नाही.

उंदराला आयसोफ्लुरेन, गुंगी येईपर्यंत ३ टक्के, नंतर दीड ते दोन. खाली ३७ अंशांची गरम गादी असलीच पाहिजे. एनएसजी लहान आणि लवकर थंड पडणारा प्राणी आहे, बरेचसे मृत्यू शस्त्रक्रियेने नव्हे तर गारठ्याने होतात. कुशीवर ५ मिलिमीटरचा छेद, बोथट कात्री आत घालून उघडत पिशवी करा, आणि ती छेदापासून निदान सेंटिमीटरभर आत न्या. तुकडा छेदाजवळच राहिला तर टाक्यांतून बाहेर पडतो, किंवा जखमेचा जंतू थेट त्याच्यापर्यंत जातो. तुमच्या पाच पूंपैकी एक-दोन असेच झाले असावेत. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम ५ मिलिग्रॅम प्रति किलो, शस्त्रक्रियेआधी आणि दुसऱ्या दिवशी.

एका रुग्णामागे चार-पाच उंदीर, दोन्ही कुशींत एकेक तुकडा, इतके तरी लावा. आणि धीर धरा. घशाच्या गाठी चार-पाच महिन्यांनी उठल्याची उदाहरणे आहेत, सहा महिने झाल्याशिवाय 'रुजली नाही' असे लिहू नका. उरलेले तुकडे ९० टक्के रक्तद्रव आणि १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशी वाचवणाऱ्या द्रावकात) हळूहळू गोठवून द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवा, म्हणजे उंदीर मेला तरी गाठ हातची जात नाही.

एक गोष्ट तुमच्या हातात नाही. आधीच केमो-रेडिएशन झालेल्या रुग्णांच्या तुकड्यांत जिवंत पेशी कमी असतात, आणि एचपीव्ही विषाणूमुळे झालेल्या घशाच्या गाठी तंबाखूच्या गाठींपेक्षा कमी रुजतात. तुमच्या चौदांत हे किती होते ते वेगळे मोजा.

प्रश्न (नागपूर): टॉन्सिलच्या गाठीचा तुकडा लावला. पाच आठवड्यांतच मऊ, गुलाबी गाठ आली, दुसऱ्या पिढीत (ती गाठ काढून पुढच्या उंदरांत लावल्यावर) तर अजून वेगाने. एवढा आनंद योग्य आहे का?

आनंद आवरून आधी स्लाइड बघा. टॉन्सिल आणि जिभेचे मूळ हे लसिका ऊतकाने, म्हणजे प्रतिकारपेशींनी, भरलेले भाग आहेत. आपल्यापैकी बहुतेकांच्या बी-पेशींत एपस्टाइन-बार विषाणू झोपलेला असतो. माणसात टी-पेशी त्याला दाबून ठेवतात. एनएसजी उंदरात टी-पेशीच नाहीत, त्यामुळे तुकड्याबरोबर गेलेल्या त्या मूठभर बी-पेशी बेलगाम वाढतात आणि कॅन्सरच्या जागी मानवी लिम्फोमा (या पांढऱ्या पेशींचाच कॅन्सर) तयार होतो. तो मूळ कॅन्सरपेक्षा वेगाने वाढतो, म्हणून पिढीगणिक तोच जिंकतो.

खुणा अशा: गाठ मऊ आणि एकसारखी, कापल्यावर माशाच्या मांसासारखी; उंदराची प्लीहा सुजलेली, काखेत गाठी. खात्रीसाठी चार रंग पुरेत. पांढऱ्या पेशींच्या खुणा, मानवी सीडी-४५ आणि सीडी-२०, उजळल्या, आणि घशाच्या कॅन्सरच्या खुणा, पी-४० आणि सायटोकेराटिन, कोऱ्या राहिल्या, तर तो लिम्फोमा आहे. ईबरची (या विषाणूचे आरएनए शोधणारी) चाचणी विषाणूवर शिक्कामोर्तब करते. दुसऱ्या पिढीपर्यंत गेला असाल तर ती संपूर्ण शाखा बंद करा आणि गोठवलेल्या मूळ तुकड्यावर परत या. काही गट तुकडा लावतानाच उंदराला रिटुक्सिमॅब देतात, त्याने बी-पेशी मरतात आणि कॅन्सरला हात लागत नाही. टॉन्सिलसाठी आम्हाला हा उपाय रास्त वाटतो.

प्रत्येक मॉडेल पहिल्या आणि तिसऱ्या पिढीत एसटीआर (डीएनएचा ठसा जुळवण्याच्या) पद्धतीने रुग्णाच्या रक्ताशी ताडून बघायचे, आणि सोबत उंदराचा डीएनए किती आहे तेही. कधी कधी वाढलेली गाठ उंदराचीच निघते.

प्रश्न (पुणे, दुसरी प्रयोगशाळा): एनएसजीमधल्या गाठींना रोज २ ग्रे (डोसाचे एकक) असे रेडिएशन दिले. गाठ छान आटली, पण कातडी फाटली आणि उंदीर खंगले. यंत्राचा डोस चुकला का?

यंत्र बहुधा बरोबर आहे, उंदीर चुकला आहे. स्किड आणि त्यापासून निघालेल्या सर्व जातींत, म्हणजे एनएसजीतही, डीएनएची दोन्ही धाग्यांवरची तूट सांधणारे एक विकर (एन्झाइम) अपुरे असते. त्याच दोषामुळे त्यांच्यात टी आणि बी पेशी तयार होत नाहीत. पण तोच दोष अंगभर असतो, म्हणून त्यांच्या पेशी रेडिएशनने साध्या उंदरापेक्षा दोन-तीन पट सहज मरतात.

याचा दुसरा अर्थ जास्त गंभीर आहे. गाठीतल्या कॅन्सरच्या पेशी माणसाच्या असल्या तरी रक्तवाहिन्या आणि आधारपेशी उंदराच्या असतात. त्या कोसळल्या की गाठही आटते. तुम्हाला वाटते गाठीला शेक लागू पडला, प्रत्यक्षात तिचा पुरवठा तुटलेला असतो. घशाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन हाच मुख्य उपचार, म्हणून ही चूक परवडणारी नाही.

रीत अशी ठेवा: नवी गाठ एनएसजीत रुजवायची, दोन पिढ्या वाढवायची, आणि रेडिएशनचा प्रयोग न्यूड उंदरांत करायचा. न्यूडमध्ये डीएनए दुरुस्ती शाबूत असते. ज्या गाठी न्यूडमध्ये येतच नाहीत त्यांच्यासाठी रॅग जनुक काढलेली एनआरजी ही जात आहे, तिच्यातही हा दोष नाही. उरलेल्या अंगावर शिसे हवे, आणि गाठ खांद्याजवळ नव्हे तर मांडीच्या वर, कुशीच्या खालच्या टोकाला लावा, म्हणजे किरणांच्या वाटेत आतडे येत नाही.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): सिस्प्लॅटिनचा माणसाचा डोस उंदरासाठी कसा काढायचा? आणि आमच्या गटात एकाच गाठीची दोघांची मोजमापे जुळत नाहीत.

पुस्तकी हिशेब असा: माणसाचा मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर डोस ३७ ने भागला की मिलिग्रॅम प्रति किलो मिळतो, त्याला १२.३ ने गुणले की उंदराचा. सिस्प्लॅटिनच्या १०० ला हे लावले तर उंदराला ३३ मिलिग्रॅम प्रति किलो येतात, आणि त्याने उंदीर मरतो. हे सूत्र सुरुवातीचा अंदाज आहे, आज्ञा नव्हे. प्रत्यक्षात आठवड्यातून एकदा २ ते ५ मिलिग्रॅम प्रति किलो पोटात, तीन-चार आठवडे, असे चालते. २५ ग्रॅमच्या उंदराला ४ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. औषध ०.४ मिलिग्रॅम प्रति मिली इतके पातळ केले की पाव मिली द्यावे लागते. दिल्यानंतर कातडीखाली अर्धा मिली सलाइन द्या, मूत्रपिंडे वाचतात.

इथे एक इशारा अगदी कळकळीने द्यायचा आहे. सिस्प्लॅटिन डीएमएसओमध्ये विरघळवू नका. डीएमएसओ प्लॅटिनमला जाऊन चिकटतो आणि औषध निकामी होते. बाकी बहुतेक औषधे डीएमएसओत विरघळवायची सवय असल्याने ही चूक सर्रास होते, आणि मग 'ही गाठ सिस्प्लॅटिनला दाद देत नाही' असा निष्कर्ष छापला जातो. फक्त सलाइन. रुग्णालयातून मिळणारी तयार बाटली फ्रीजमध्ये ठेवू नका, खडे धरतात. उजेडापासून मात्र झाका.

मोजमापाचे म्हणाल तर सूत्र लांबी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले दोन. रुंदीचा वर्ग होतो, म्हणून घोटाळा तिथे आहे. १० बाय ७ मिलिमीटरची गाठ २४५ घन मिलिमीटर येते. रुंदी ८ वाचली की तीच ३२० होते, एका मिलिमीटरने ३० टक्के वाढ. म्हणून संपूर्ण प्रयोगात एकाच व्यक्तीने, कोणत्या उंदराला काय दिले हे माहीत नसताना मोजावे. आठवड्यातून दोनदा मोजा आणि सोबत वजन घ्या.

गाठ १५० ते २५० घन मिलिमीटर झाली की चिठ्ठ्या टाकून गट करा, एका गटात आठ-दहा उंदीर. घशाच्या गाठींची खास अडचण म्हणजे केराटिन. चांगली विभेदित (मूळ ऊतकासारखी दिसणारी) गाठ आतून पांढऱ्या गाळाने भरते. औषधाने पेशी मेल्या तरी पिशवी तेवढीच राहते आणि कॅलिपरला 'गाठ वाढते आहे' असेच दिसते. शेवटी प्रत्येक गाठ कापून पेशींचे क्षेत्रफळ बघितल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नका. काही गाठी कातडी फोडून बाहेर येतात. व्रण ओला झाला, वजन २० टक्के उतरले किंवा गाठ १५०० घन मिलिमीटरला पोचली, की त्या उंदराचा प्रयोग तिथेच थांबवायचा, आलेख कितीही अपुरा असो.

प्रश्न (नाशिक, कॅन्सरतज्ज्ञ): इम्युनोथेरपीचा कमी डोस पीडीएक्समध्ये तपासता येईल का?

साध्या पीडीएक्समध्ये नाही. निव्होलुमॅब टी-पेशींचा ब्रेक सोडते, आणि इथे टी-पेशीच नाहीत. टाटा मेमोरियलने २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दर तीन आठवड्यांनी, मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिबच्या जोडीला देऊन एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर नेले. २०२३ मध्ये छापलेले ते काम थेट रुग्णांवर झाले.

'मानवीकृत' उंदीर हा एक मार्ग आहे. एनएसजीला हलके रेडिएशन देऊन नाळेच्या रक्तातल्या सीडी-३४ मूळपेशी शिरेतून द्यायच्या. पुरेशा मानवी टी-पेशी दिसायला १२ ते १६ आठवडे लागतात. त्या टी-पेशी एका बाळाच्या आणि गाठ दुसऱ्याच माणसाची, त्यामुळे गाठ आटली तर ते औषधाने की परकेपणाने, हे नियंत्रण-गटाशिवाय सांगता येत नाही. मोठ्या माणसाच्या रक्तपेशी दिल्या तर काम लवकर होते, पण काही आठवड्यांतच त्या उंदरावर उलटतात. आमच्या मते या प्रश्नासाठी शाबूत प्रतिकारशक्तीच्या उंदरात ४-एनक्यूओ या रसायनाने घडवलेला तोंडाचा कॅन्सर जास्त प्रामाणिक उत्तर देतो. ते रसायन डीएनएवर तंबाखूसारखेच ठसे सोडते.

सेटुक्सिमॅब या औषधाबद्दलही थोडे. ते माणसाच्या ईजीएफआरला (पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या प्रथिनाला) धरते, उंदराच्या नाही, म्हणून अंगावर उठणारे पुरळ उंदरात कधीच दिसणार नाही. त्याचा निम्मा मार एनके पेशींमार्फत असतो, असे मानणाऱ्यांनी प्रयोग न्यूडमध्ये करावा. एनएसजीत तो भाग गायब असतो.

प्रश्न (पणजी): उंदरात चाललेले औषध माणसात किती वेळा चालते? की उंदरात जाऊन गाठच बदलते?

दोन उदाहरणे समोरासमोर ठेवतो. एचरास जनुकात बिघाड असलेल्या डोके-मान गाठींवर टिपिफार्निब पीडीएक्समध्ये प्रभावी ठरले. मग असाच बिघाड मोठ्या प्रमाणात असलेल्या रुग्णांवर चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला: मोजता आलेल्या २० पैकी ११ जणांची गाठ आटली. इथे उंदीर उपयोगी पडला, कारण प्रश्न नेमका होता: हा बिघाड असेल तर हे औषध.

उलट झेव्हिनापँट हे कॅन्सरच्या पेशीला मरणाकडे ढकलणारे औषध. उंदरांत ते रेडिएशनचा परिणाम वाढवत होते, दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीतही आशा दिसली. तिसऱ्या टप्प्यात, केमो-रेडिएशनच्या जोडीला, फायदा नाही म्हणून २०२४ मध्ये काम थांबले. उंदराची गाठ दोन महिन्यांत आटते की नाही ते कळते, पण माणूस पाच वर्षांनी जगतो की नाही, आणि तोवर गिळू-बोलू शकतो की नाही, ते कळत नाही.

गाठ बदलण्याबद्दल खरा वाद झाला. २०१७ मध्ये एका मोठ्या अभ्यासाने दाखवले की पिढ्यान्‌पिढ्या उंदरात राहिल्यावर गुणसूत्रांच्या प्रतींचे प्रमाण उंदराला सोयीस्कर दिशेने सरकते. २०२१ मध्ये अमेरिका-युरोपच्या गटांनी मिळून जास्त नमुने तपासले आणि बदल फार पद्धतशीर नाही, मूळ गाठीतही तेवढी विविधता असतेच, असे म्हटले. व्यवहारात पाचव्या पिढीच्या आत काम करा. आधारपेशी दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतच उंदराच्या झालेल्या असतात, ते टाळता येत नाही.

आणि निवडीचा दोष विसरू नका. ज्यांची गाठ उंदरात लवकर रुजते त्या रुग्णांचा आजारही बहुधा लवकर उलटतो, असे टोरांटोच्या गटाने २०१८ मध्ये नोंदवले. म्हणजे आपल्या पिंजऱ्यांत आक्रमक गाठींची गर्दी असते, आणि सौम्य गाठींबद्दल आपण बोलत नसतो.

प्रश्न (सांगली): आईचे ऑपरेशन झाले. फॉर्मवर 'ऊतक संशोधनासाठी वापरू शकतो' असे होते. तिचा तुकडा उंदरात गेला तर आम्हाला कळवतील का? उंदरांचे हाल कोण बघते?

आयसीएमआरच्या २०१७ च्या नीतितत्त्वांनुसार संशोधनासाठीची संमती ऑपरेशनच्या संमतीहून वेगळी आणि समजेल अशा भाषेत असायला हवी. मराठीत नसेल तर मागा. नाही म्हटल्याने उपचारात फरक पडता कामा नये, आणि नंतरही संमती काढून घेता येते. मात्र नाव काढून संकेतक्रमांक लावलेल्या नमुन्यापर्यंत परत पोचायला वेळ लागू शकतो. 'प्राण्यांत लावणार का' आणि 'निकाल आम्हाला सांगणार का' हे दोन प्रश्न सही करण्याआधी विचारा. दुसऱ्याचे उत्तर बहुधा 'नाही' असेल, आणि तसे स्पष्ट सांगणारा माणूस विश्वासाचा समजा.

उंदरांसाठी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा आणि त्याखालची केंद्रीय समिती, सीसीएसईए, आहे. प्रत्येक संस्थेत प्राणी नीती समिती असते, तिच्यावर केंद्रीय समितीने नेमलेला बाहेरचा सदस्य बसतो, आणि किती उंदीर व का हे पटवून दिल्याशिवाय प्रयोग सुरू होत नाही. २०२३ मध्ये औषध-चाचणीच्या नियमांत बदल होऊन प्राण्यांऐवजी ऑर्गनॉइड (पेशींपासून बशीत वाढवलेले छोटे ऊतकगोळे) आणि चिपवरच्या ऊतकांची माहितीही मान्य झाली. घशाच्या गाठीचे ऑर्गनॉइड दोन-तीन आठवड्यांत उभे राहतात. त्यांत रक्तवाहिन्या नसतात, पण वीस औषधांतून तीन निवडायला ते पुरतात, आणि उंदीर फक्त त्या तिनांसाठी लागतात.